रिकाम्या ड्रमची शिकवणी

अकोल्याच्या एका सरकारी मोटार वर्कशॉपात मी स्टोअरची कारकून होते. साठ सालानंतरचे दिवस. अख्ख्या वर्कशॉपात बाई मी एकटी. पेट्रोल, रॉकेल, थिनर कसं साठवायचं न् हाताळायचं, याचं तीन दिवसांचं शिक्षण नागपूरला होतं. एकही गडी जायला तयार नाही, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. वही भरून परतले, तर साहेब म्हणाले, "आता शनिवारी तुम्हीच सगळ्यांना शिकवा."

शिकवते कसली! गडी अंगणात उकिडवे बसले आणि निम्म्यांनी बिड्या पेटवल्या. पेट्रोलची पिंपं दहा हातांवर! मी ओरडले, "विझवा आधी!" मागून आवाज आला, "बाई तापल्या बे!" सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धम्म घेतल्यापासून बाप आम्हा पोरींना बजावत आला होता, मान खाली घालून बोलायचं नाही. मी त्यात जन्मजात तोंडाळ.

पण खरी काळजी हेडमिस्त्रींची होती. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. अकोल्यात पाण्याचे हाल, त्यामुळे पेट्रोलचा रिकामा ड्रम वरून कापून, घासून वापरायच्या पाण्याला ठेवायची सगळ्यांचीच रीत. साहेबांना विचारून चाचांनी एक ड्रम बाजूला काढला होता आणि त्याच दुपारी गॅसच्या ज्योतीनं ते तो कापणार होते.

"चाचा, त्याले ज्योत लावू नका," मी म्हणाले.

"पोरी, पेट्रोल सपलं तवाच तं रिकामा झाला. आता पेटाले काय हाय त्यात?"

"वाफ हाय. भरलेला नुसता पेटते, रिकामा फुटते."

"पंधरा वर्सं झाली, मी कापूनच राहिलो. फुटला का?"

पुन्हा हशा. आता बोलून भागणार नव्हतं. पेट्रोलचा एक रिकामा डबा उन्हात पडला होता. तो मी दूर मैदानात नेऊन ठेवला, बाजूला एक भोक पाडलं, झाकण अलगद बसवलं आणि सगळ्यांना भिंतीमागे उभं केलं. लांब बांबूच्या टोकाला पेटता बोळा बांधून भोकाशी नेला.

काहीच झालं नाही. फुस्सही नाही.

"चला, मी ड्रमकडं जातो," म्हणत चाचा उठले. हा माणूस आता मरणार आणि मरायला मीच धीर दिला, एवढंच डोक्यात. मग ट्यूब पेटली. डबा कालपासून उन्हात उघडा होता, वाफ केव्हाच उडून गेली असणार! मी चाचांच्या पुढ्यात आडवी उभी राहिले. "एक डाव अजून. मंग खुशाल जा!"

स्टोअरमधून सकाळीच रिकामा केलेला, घट्ट झाकणाचा डबा आणला. त्यालाही भोक पाडून पुन्हा बांबू लावला. असा धडाका झाला की झाकण वर्कशॉपच्या पत्र्यावर जाऊन आदळलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. डब्याचं पोट फाटून उलटं झालं होतं.

कोणी हसेना. चाचा डब्यापाशी गेले. फाटलेला पत्रा त्यांनी बराच वेळ बघितला, मग वळून गरजले, "बिड्या विझवा बे सगळे! बेटी, पह्यल्यापासून सांग."

आणि मी सांगितलं! घसा बसेपर्यंत सांगितलं. असा आनंद मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. त्या दुपारी तो ड्रम धुवून, वाफेला जागाच उरू नये म्हणून तोंडापर्यंत पाण्यानं भरून, छिन्नी-हातोड्यानं कापला. वरची कड कापून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

लग्नाला मी गेले. चाचांनी हाताला धरून मला बायकांच्या मांडवात नेलं. नवरीपुढे उभं केलं आणि तिला म्हणाले, "बेटा, तुले निरोप द्याले बाप हाय, तो इच्यामुळं." नवरीनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी ढसाढसा रडलो.