मॅगव्हील आणि आबांची विहीर

राहू गावच्या आबांच्या विहिरीत मैला गेला तो माझ्यामुळे. जीपला गाडं जोडणारी पिन नीट लागली नव्हती म्हणून नव्हे, तर मी जीपची चाकं बदलली नाहीत म्हणून. एवढं साधं वाक्य दहा-बारा वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही.

नव्वदीच्या दशकात सणसवाडीत कारखाने वाढले आणि त्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्या. ओळीनं खोल्या आणि मागे सगळ्यांची मिळून एक संडासाची टाकी. ती भरून वाहायला लागली की खोल्यांचे मालक मला बोलवत. माझ्याकडे जुनी जीप होती आणि तिच्यामागे जोडायचं दोन चाकांचं टाकीचं गाडं. मोटर लावून मैला टाकीत ओढायचा आणि एखाद्या शेतकऱ्याला हवा असेल तर त्याच्या रानात खत म्हणून सोडायचा. धंदा बरा चालला होता, पण मला त्याची शिसारी होती. वासाची सवय झाली. लोकांच्या नाकावर जाणाऱ्या रुमालाची झाली नाही. जेवायला बसलो की हाताला वास येतोय असं वाटायचं. लिंबाची साल चोळून चोळून बोटं हुळहुळी व्हायची.

या शिसारीवर मी उपाय काढला तो मॅगव्हीलचा. पुण्याहून जुनी, पण चांदीसारखी चकाकणारी ॲल्युमिनियमची चार चाकं आणली. जीपच्या मूळच्या चाकांच्या काळ्या लोखंडी डिस्क मात्र विकल्या नाहीत, गोठ्यात रचून ठेवल्या. लग्नाला, बाजाराला जायचं तर मॅगव्हील; गाडं ओढत रानात शिरायचं तर लोखंडी. कारण मला चांगलं ठाऊक होतं. लोखंडी डिस्क दगडावर आपटली तर वाकते, पण वाकडी का होईना, घरी आणते. मग घणाने ठोकून सरळ करायची. मॅगव्हील तसं नाही. ते तडकतं, आणि तडकलं की हवा एकदम जाते. मागे भरलेली टाकी असली म्हणजे संपलंच.

माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ असायचा, माझ्याहून थोडा मोठा. गाडं जोडणं, पाइप लावणं त्याच्याकडे. त्याने कधी नाकाला रुमाल लावला नाही. आबांचा दुधाचा धंदा होता आणि त्यांनी त्याला दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. "ह्या घाणीतनं सुटतो एकदाचा," असं तो रोज म्हणायचा.

त्या दिवशी मला दुपारी वरवंडला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच मॅगव्हील चढवून पुसून ठेवली होती. सकाळी आबांच्या शेजाऱ्याचा निरोप आला, आजच एक खेप टाका.

"डिस्का चढवू का?" भावाने विचारलं.

"एका खेपंसाठी? आन् दुपारी परत काढायच्या? हात बरबटत्यात."

"हात? मागं काय वढतोयस त्ये तरी बघ!"

"रानातली वाट थोडीच तर हाय, दादा. हळू घेतो."

"घे बाबा नवरदेवा. पोरीनं चाकं पसंत केली आन् तुला न्हाई, मंग काय करशील?"

आम्ही हसलो आणि निघालो.

आबांच्या विहिरीच्या वरच्या अंगाने शेजाऱ्याच्या रानात जायची वाट होती. तिथे मातीत बुडालेल्या दगडावर जीपचं मागचं चाक चढलं आणि कडकन आवाज झाला. जीप त्या बाजूला बसली. मागचं गाडं वाटेच्या कडेवरून कलंडलं, पिन तुटली आणि टाकी उतारावर उलटली. झाकण उघडून काळा लगदा उताराने सरकत गेला. विहिरीला कठडा नव्हता. लगदा आत पडताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो.

भाऊ फावडं घेऊन धावला आणि मातीचा आडोसा घालू लागला. मी जॅक काढला. फुटलेलं चाक काढून शेजारच्या उसात फेकलं आणि लोखंडी स्टेपनी चढवली. आबा वस्तीवरून पळत येईपर्यंत माझं काम झालं होतं.

"काय केलं रं ह्ये? प्यायचं पानी हाय त्ये!"

"पिन, आबा," मी म्हणालो. "ह्यानं पिन नीट लावली न्हाई."

भावाने माझ्याकडे पाहिलं, मग स्टेपनीकडे. मग फावडं पुन्हा मातीत घातलं. आबांनी सगळा राग त्याच्यावर काढला. "आन् तुझ्या हातात मी दुधाची गाडी द्यायची व्हय?"

भाऊ चड्डीवर विहिरीत उतरला. वरून आबांच्या पोरांनी बादल्या ओढल्या. मी काठावर उभा होतो, नाकाला रुमाल लावून. थोड्या वेळाने त्यानेच खालून ओरडून सांगितलं, "तू जा वरवंडला. लोक वाट बघत असत्याल."

आणि मी गेलो. आंघोळ केली, अत्तर लावलं, तीन चकचकीत आणि एका काळ्या चाकावर जाऊन पोहे खाल्ले. पोह्यांवर लिंबू पिळताना वास आला तो माझाच. लग्न ठरलं. भाऊ पुढे सणसवाडीत माल चढवायच्या कामाला लागला. माझ्याशी नीट बोलायचा, हे मला जास्त लागायचं.

मी तो धंदा कधीच सोडला होता. बऱ्याच वर्षांनी उसाचं बेणं घ्यायला आबांकडे गेलो. त्यांनी तांब्या पुढे केला. "पी. त्याच इहिरीचं हाय."

मी तांब्याला हात लावला नाही. आबांनी तांब्या परत घेतला आणि स्वतः घटाघटा प्यायले.

"तुझ्या भावानं तीन बारी उपसली. तळाचा गाळ हातानं काढला. आमी समदी हेच पितो. तुलाच किळस येती?"

किळस पाण्याची नव्हती. "पिन लागल्याली होती, आबा," मी म्हणालो. "चाक फुटलं. ते मी उसात टाकलं."

आबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मला कशाला सांगतूस? मी उतरलो हुतो का इहिरीत?"

बेणं न घेताच थेट भावाच्या घरी निघालो. भाऊ कामावरून नुकताच आला होता, दारात हातपाय धूत होता. मला पाहून म्हणाला, "काय रं, तोंड का उतरलंय? ये, च्या घे."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"दादा, पिन तू बरोबर लावली हुतीस. चाक मी बदललं न्हाई, आन् नाव तुझं घेतलं. आबांना आज सांगून आलो, पर आदी तुला सांगायला पायजे हुतं. तू त्या घाणीत उतरला आन् मी पोहे खायला गेलो. चुकलो मी. माफ कर मला."