गव्हाणवरून परतलेली सायकल

“कुमुद! ए कुमुद! अगं कुठं कडमडलीस?”

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं ग्रिल दोन्ही हातांनी धरून दाजी ओरडत होते. आवाज असा, की न्हावा शेव्याला लागलेल्या जहाजांनी दचकून नांगर उचलावा. खाली कुमुदताई, माझी थोरली बहीण, वय त्रेसष्ट, सलवारीला कपड्यांचा चिमटा लावून इमारतीभोवती सायकल फिरवत होती. “इथंच आहे हो!” असं वर न बघताच म्हणाली आणि कोपऱ्यावरून वळून इमारतीच्या मागे दिसेनाशी झाली. लगेच मागून कटकटकटकट सुरू झालं, आणि दाजी गप्प. मी भाजीची पिशवी घेऊन गेटाशी उभा. पुढच्या फेरीला जवळून जाताना म्हणाली, “वर जा, चहा ठेव. माझ्या अजून सहा राहिल्यात.” तो चहा आम्ही बरोबर प्यायलो, तो शेवटचा. नऊ दिवसांनी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला... ओट्यापाशीच कोसळली म्हणाल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं. आता सात आठवडे झाले.

मला वाढवून सांगायची सवय आहे, हे पनवेलात लहान पोरालाही ठाऊक आहे. ताई म्हणायची, “विन्यानं वाघ पाहिला म्हटलं, की मांजर शोधायचं, आणि तेही शेजाऱ्यांचं असतं.” पण तिच्याबद्दल जे सांगतो त्यातलं काही कमी करू नका. ती आयटीआयमध्ये फिटरची निदेशक होती. तीस वर्षं पोरांच्या हातात कानस दिली. तिच्यापुढे आलेला नट आपणहून फिरायचा, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ती निवृत्त झाली आणि वर्षभरात दाजींना विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा, मग वार, मग घराचा रस्ता. ताई तेवढी लक्षात राहिली. त्यामुळेच पंचाईत झाली, कारण ती नजरेआड झाली की ते घाबरायचे. आंघोळीला गेली तरी दाराबाहेर उभे राहून हाका. मूलबाळ नाही. बाई ठेवून पाहिली, तर दाजींनी तिला चोर ठरवून कपाटामागे कोंडायचा प्रयत्न केला. चार वर्षं ताई त्या दोन खोल्यांत अशी राहिली, की दाजींचा डोळा लागेल तेवढाच वेळ तिचा.

एक दिवस भंगारवाला खाली ओरडत आला आणि ताई दाजींचा हात धरून खाली गेली. त्याच्या गाडीवर सायकलची नुसती फ्रेम पडलेली. चाकं नाहीत, हँडल नाही, गंजानं तांबूस झालेली. ताईनं ती उचलली, बोटानं टिचकी मारली आणि कान लावला. “लोखंड चांगलंय,” म्हणाली. मी म्हटलं, “तायडे, नवी घे की! गिअरची मिळते, मऊ सीटची.” ती म्हणाली, “गिअर म्हणजे बिघडायला जास्तीच्या सात जागा. आणि विकत घेतली तर दुपारी काय करू? तुझ्या थापा ऐकू?”

मग दोन महिने तिच्या हॉलमध्ये कारखाना चालला. दाजी खुर्चीत, समोर वर्तमानपत्रावर फ्रेम, आणि ताई पॉलिश पेपरनं गंज काढतेय. दाजींनाही एक तुकडा दिलेला. त्यांनी टीपॉयचा पाय घासून अर्धा केला, पण त्या दुपारी हाका नव्हत्या. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीसमध्ये एकेक बसवताना ती अशी गप्प असायची, की डाळीचा कुकर सोळा शिट्ट्या करून थकून बसला, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो. चाकांच्या तारा तिनं स्वतः विणल्या. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला सायकल उलटी करून फ्रेमला खडू बांधला. रिम फिरवायची, खडू कुठं घासतो ते बघायचं, आणि तिथली तार पाव फेरा आवळायची. शेवटी खडू कुठंच घासेना, तेव्हा दाजींना म्हणाली, “बघा, एक तरी गोष्ट सरळ फिरतेय या घरात.”

फ्रेम पुरुषी होती, आडव्या दांड्याची. दुखऱ्या गुडघ्यामुळे ताईचा पाय वर जाईना. तिनं दांड्यावर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि दाजींना घेऊन रिक्षानं हिराजीकडे गेली. हिराजी गव्हाणचा, ताईचा जुना विद्यार्थी. नाक्यावर त्याचं ग्रिलचं वर्कशॉप. ताईच्या गॅलरीचं ग्रिलही त्यानंच केलेलं, आणि ते असं, की त्यातून मांजराचं शेपूटसुद्धा बाहेर पडायचं नाही.

“नाय ओ बाई,” हिराजी हात जोडून म्हणाला. “दांडा कापला तर जोर कुठं राहनार? आमी ग्रिलं करतो, सायकली नाय.”

“हिराजी, सांधा कसा घ्यायचा हे तू मला शिकवलंस, की मी तुला?”

“तुमी.”

“मग गॉगल लाव.”

दांडा कापून तिरका, खाली जोडला. त्या सांध्यावर ट्रेलर उभा केला तरी वाकणार नाही असा. निघताना हिराजी म्हणाला, “बाई, फ्रीव्हीलला तेल घाला, लई कटकट करते.” ताई म्हणाली, “करू दे. ती कटकट मला हवीय.”

ते कसं, ते मला नंतर समजलं. इमारतीच्या पुढून ती दाजींना दिसायची. मागे गेली की दिसायची नाही, आणि हाका सुरू. पण पायडल थांबवलं की मागच्या चाकाचं फ्रीव्हील वाजतं, आणि कोरडं असलं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत वाजतं. म्हणून पुढच्या बाजूला ती जोरात पायडल मारून वेग घ्यायची आणि मागच्या बाजूला पाय स्थिर ठेवून नुसती वाहत जायची. दाजी ऐकत राहायचे. विचार करा... अख्ख्या दिवसात कुणाच्याही नजरेत नाही अशी ती वीस पावलांची जागा, आणि तिथंच तिला पायडल मारायची सोय नव्हती. रोज चोवीस फेऱ्या.

मला एकदा म्हणाली, “विन्या, मला करंजाला जायचंय. सायकलनं. बंदरावर, लिलावात उभं राहायचंय. चार वर्षं दारावर येईल तो मासा खाल्ला, आता बोंबील मी निवडून आणणार. पाच तास तुझ्या दाजींपाशी बसशील?”

“पाच? पाच दिवस बसतो!” मी म्हटलं. पुढचे चार रविवार मला काम निघालं. एका रविवारी तर मी स्वतःच्याच एका चुलत सासऱ्यांना आजारी पाडलं. ते ठणठणीत आहेत, त्यांची क्षमा मागतो. मधल्या काळात ताईनं मागचं अठरा दातांचं फ्रीव्हील काढून सोळाचं बसवलं. पायडलच्या एका फेऱ्यात जास्त अंतर तोडणारं, मोठ्या रस्त्याचं. तेही कोरडंच.

पाचव्या रविवारी मी गेलो. साडेसहाला ती निघाली, कॅरिअरला पिशवी बांधून. मी गॅलरीतून पाहत होतो. गेटाबाहेर पडल्यावर तिनं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि पाय एकदाही थांबवला नाही. म्हणून फ्रीव्हीलची कटकटही आली नाही.

पाऊण तास बरा गेला. मग दाजी म्हणाले, “कुमुद?” मी म्हटलं येईल. “कुमुद?” येईल हो. “कुमुद?”... अर्ध्या तासात हे किती वेळा झालं ते मी सांगत नाही, कारण या एका ठिकाणी खरा आकडाही तुम्हाला थाप वाटेल. मी पोहे केले, गाणं म्हटलं, माझ्या वाघाची गोष्ट सांगितली. ते स्टूल ओढत गॅलरीत गेले, त्यावर चढले आणि ग्रिलला तोंड लावून ओरडू लागले. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. मला एकाएकी वाटलं, या दोन खोल्यांतून आता मी कधीच सुटत नाही. मी फोन उचलला आणि ओरडलो, “ताई, दाजी गॅलरीतून उडी मारतायत!”

ग्रिल कसलं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? उभी राहून तिनंच ते करून घेतलेलं. आणि मी कोण आहे, हेही तिला माहीत होतं. तरीसुद्धा ती आली. ट्रेलरांच्या रांगांमधून अर्ध्या तासात. दारात उभी राहिली तेव्हा दाजी खुर्चीत बसून पोहे खात होते. तिनं ग्रिलकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुतले आणि दाजींच्या हनुवटीला लागलेला पोहा पुसला.

“पुढच्या रविवारी जा ना,” मी म्हटलं.

“बघू.”

तिनं परत विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दहा महिने गेले. सोळा दातांचं फ्रीव्हील तिनं काढलं नाही. कंपाउंडात ते जड जायचं, सुरुवातीला उभं राहून पायडल मारावं लागायचं. मी पाहत होतो, आणि चहा ठेवत होतो. ती गेल्यावर भेटायला आलेला हिराजी म्हणाला, “बाई त्या दिवशी करंजाच्या वाटेवर, आमच्या गव्हाणला टपरीवर व्हत्या ओ. च्या सांगितलेला. तुमचा फोन आला, तवा च्या तसाच ठेवून गेल्या.”

आता त्या घरात मी राहतो. बायको शनिवारी येते, सोमवारी जाते. मी आंघोळीला गेलो की दाराबाहेर हाका असतात, माझ्या नव्हे, तिच्या. सुरुवातीला मी खरं सांगितलं, “दाजी, ताई गेली हो.” ते रडायचे. तासाभरानं पुन्हा विचारायचे, पुन्हा नव्यानं रडायचे. मग आयुष्यभर कमावलेली विद्या कामाला लावली. बाजारात गेलीय, बँकेत गेलीय. पण बाजारातून माणूस परत येतं, आणि दाजी गॅलरीत उभं राहून वाट बघत बसायचे.

परवा सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात फोन होता, बायकोला करायला घेतलेला. थापा सुचेनाशा झाल्या होत्या. मी म्हटलं, “करंजाला गेलीय. सायकल घेऊन.”

दाजींनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

“मग तिला फोन करू नकोस,” ते म्हणाले.