मंदा बसायची ती जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी जुन्या जालन्यात राहतो, प्लॉटच्या मोजण्या करून देतो. टेप सांगतो ते खरं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण एक माप वर्षभरापासून जुळत नाहीये...

केदारखेड्याला आमचं तीन एकर रान आहे. तेवीस वर्षांपूर्वी आमची पहिली मुलगी चौथ्या दिवशी गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वडील आणि मी तिला रानातच ठेवलं — पूर्वेच्या बांधावरच्या दगडापासून विहिरीकडे एकतीस पावलं. माझी बायको मंदा तेव्हा बाजेवर होती. तिला जागा सांगू नको, वडील म्हणाले, नाहीतर ती तिथून उठायची नाही. मी सांगितली नाही. तिनेही विचारलं नाही. पुढे वडील गेले.

पण रानात आली की मंदा भाकरी खायला एकाच जागी बसायची. पीक उभं असो की नांगरट झालेली असो. ना झाड, ना सावली. का बसते ते मला कळत होतं. चुकीच्या जागी बसते, हेही कळत होतं. ती जागा मुलीपासून साठ फूट लांब होती. 

मागच्या जानेवारीत उत्खननाचं काम करणाऱ्या एक मॅडम आल्या. ड्रोनच्या फोटोत आमच्या गव्हात गर्द हिरवे गोल ठिपके दिसत होते, एकूण सात. फार पूर्वी खणून बुजलेल्या खड्ड्यात ओल टिकते, म्हणून वरचं पीक जास्त हिरवं होतं, असं त्यांनी समजावलं. गहू निघाल्यावर एका ठिपक्यावर दोन मीटर बाय दोन मीटरचा चाचणी खड्डा घेऊ द्या, म्हणाल्या. मला एकच काळजी होती. फोटोवर पट्टी लावून पाहिलं. आमची एकतीस पावलं सातही ठिपक्यांपासून दूर होती. मी हो म्हणालो.

एप्रिलमध्ये त्यांनी दोऱ्या ताणल्या, तेव्हा लक्षात आलं — चौकोन नेमका मंदाच्या जागेवर. तिने माझा हात धरला.

"अहो, इथं नका खणू देऊ. दुसरीकडं कुठं बी खणा."

तिथं आपली मुलगी नाही हे मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "काही होत न्हाई, मी मोजलंय," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सत्तर सेंटीमीटरवर दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत बोटाएवढी हाडं. तान्हं मूल आहे, मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. तीन हजार वर्षांपूर्वी इथे घर असावं. तेव्हा लेकरू गेलं की घराच्याच जमिनीत पुरायचे.

मंदा खड्ड्याच्या काठाशी येऊन बसली. मग मी सगळं सांगितलं — दगड, पावलं, वडिलांचं बोलणं. हे आपलं नाही, आपली तिकडं आहे. तिला घेऊन पावलं मोजत गेलो. तिने तिथल्या मातीवर हात टेकवला, आणि ती परत खड्ड्याकडे आली.

"तुमचं माप बराबर असंल," ती म्हणाली. "पण तेवीस वर्षं मी हिच्यापाशी बसले."

तीन एकर म्हणजे एक लाख तीस हजार सहाशे ऐंशी चौरस फूट. मडकी पुरलेला तो जुना खड्डा जेमतेम नऊ चौरस फुटांचा. हिरव्या पिकावरून तिने जागा हेरली म्हणावं, तर उघड्या रानातही तीच जागा... आणि उरलेल्या सहा ठिपक्यांत काय आहे, ते कुणी पाहिलेलं नाही. ती जागा कशी निवडली, असं तिला एकदा विचारलं. "निवडली कुठं? पाय थांबले तिथं बसले."

मडकी पेटीतून गेली, खड्डा बुजवला. मी अजून अधूनमधून टेप लावतो. साठ फूट. आकडा बदलत नाही, उत्तर सापडत नाही. मंदा आता अर्धी भाकरी आपल्या लेकीपाशी खाते, आणि उरलेली अर्धी घेऊन साठ फूट चालत जाते.