खांद्याच्या वर ठेवलेला काना

कामावर माणसाचा हात दुखू लागला, तर दोष त्या हाताचा की कामाच्या मांडणीचा? हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मी एका फुलस्केप कागदाच्या माथ्यावर लिहिला होता आणि त्याखाली रेघ ओढून उत्तर शोधायला बसलो होतो. उत्तर सापडले — आणि तो कागद मी चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला. तो कुणाला दाखवला नाही. घरातही कुणाला त्याची माहिती नाही. आज प्रथमच सांगतो आहे, आणि तुम्ही समोर बसून ऐकत आहात असे धरून सांगतो आहे; समोर कुणी असल्याखेरीज मला नीट समजावून देता येत नाही. मास्तरकीची सवय.

मी मूळचा प्राथमिक शिक्षक. रहिमतपूरला बरीच वर्षे काढली. युद्ध सुरू झाल्यावर साताऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासायला लागलो, आणि वर्षभरात खिळे जुळवणाऱ्यांवरची देखरेखही माझ्याकडे आली. छापखान्याचे नाव सांगत नाही. दोष त्याचा नव्हता.

हे काम तुम्ही पाहिले नसेल, म्हणून आधी ते सांगतो. खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणतात. तो उभ्याने काम करतो. त्याच्यासमोर लाकडी केशी असतात — एकेक केस म्हणजे पुष्कळ खण पाडलेले उथळ खोके — समोर एक खाली, एक तिच्या वर, आणि डाव्या-उजव्या बाजूंना एकेक. प्रत्येक खणात एकाच अक्षराचे शिशाचे खिळे. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. जुळारी डाव्या हातात पट्टी धरतो आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत लावतो. हात जातो, उचलतो, परत येतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आमच्याकडे चार जुळारी होते. त्यांत हाताने सर्वांत चलाख तातोबा. तासगावकडचा. अंगाने भरलेला, मान रुंद, कान तालमीत चुरगळलेले. तरुणपणी त्याने कुस्त्या केल्या होत्या. तो शाळेत कधीच गेला नव्हता. अक्षरे शिकला ती केशीपुढे, खिळ्यांवरून. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, हे तुम्हांला माहीत असेल. त्यामुळे छापलेले पान तो अडखळत वाचे आणि जुळवलेला मजकूर, उलटा, घडाघडा. आल्यागेल्याला मी ही गोष्ट गंमत म्हणून ऐकवत असे. त्याच्या देखत. आता वाटते — त्यात गमतीसारखे काय होते?

मी आलो तेव्हा केशींची मांडणी मला अत्यंत गबाळी वाटली. काना अगदी समोर, पोटाच्या उंचीवर. त्याला लगटून त, य, र, न, ल. कडेला मात्रा आणि वेलांट्या. आणि ठ, ढ, झ कुठेतरी वर, कोपऱ्यात. क कुठे आहे असे नव्या माणसाने विचारले तर उत्तर मिळे, "हात जातोय तिथं." वर्गात मुलांनी वाटेल तिथे बसावे, तसे ते दृश्य होते. ते मला सहन होईना. तीन रविवार खपून मी सगळ्या केशी रिकाम्या केल्या आणि वर्णमालेप्रमाणे भरल्या. प्रथम स्वर, मग क, ख, ग, घ, ङ, आणि असेच शेवटपर्यंत. काना-मात्रा शाळेत अक्षरांनंतर शिकवतात, म्हणून त्या सर्वांच्या शेवटी ठेवल्या. शेवटची जागा कोणती आली? वरच्या केशीचा उजवा कोपरा. प्रत्येक खणावर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी हवे ते अक्षर सापडू लागले, हे खरे आहे. शिक्षणखात्याचे एक अधिकारी छापखाना पाहायला आले होते; त्यांनी शेरेबुकात या मांडणीबद्दल चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या असतील? सांगलीच्या एका छापखान्याने मांडणीचा तक्ता मागवला. आमचे मालक — त्यांना सारे अण्णासाहेब म्हणत — म्हणाले की तक्ता छापूनच पाठवू, खाली मास्तरांचे नाव घालू. माझे नाव छापले जाण्याचा तो पहिला प्रसंग होता.

काही महिन्यांनी तातोबा माझ्या टेबलाशी आला. तक्रार करायला आला होता, पण बोलला हसत. "मास्तर, काना लय वर गेलाय. दिवसभर शाळंतल्या पोरागत बोट वर करून हुबा हाय मी, आन् तुमी काय 'बोल' म्हनंना." बाकीचे जुळारी हसले. मला तो टोमणा वाटला. मी त्याला शांतपणे समजावले की सवयीला वेळ लागतो, आणि क्रम हा सर्वांच्या सोयीसाठी असतो. त्याने मान डोलावली आणि तो जागेवर गेला.

मग एके दिवशी फेरी मारताना मला त्याच्या केशीत ङच्या खणात काने सापडले. ङचे खिळे त्याने कागदाच्या पुडीत बांधून वर ठेवले होते. का, असे मी विचारले.

"त्या ङला वर्सातनं एकदा बोलावनं येतंय," तो म्हणाला. "खोली तर हाताशी हाय त्येची. म्हनलं, काना ऱ्हाईल तितं."

सांगा, यात त्याचे काय चुकले होते? ङ हा खण नव्या मांडणीत अगदी छातीसमोर आला होता, आणि महिनोन्‌महिने त्याला कुणी हात लावत नव्हते. तरी मी सर्वांसमोर त्याला ते काने एकेक करून वरच्या कोपऱ्यात परत ठेवायला लावले. मी शेजारी उभा राहिलो. दुपारचा बराच वेळ त्यात गेला. तेव्हा मी त्याचा हात जवळून पाहिला. खण त्याच्या खांद्याच्या वर होता. दर काही खेपांनंतर तो डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरी, मग बोटे खणापर्यंत पोहोचत. त्या दिवसांत फेटाही त्याला दुसरा जुळारी बांधून देत असे. हे मी पाहिले. पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही, इतके जवळून पाहिले.

म्हणून पुढच्या रविवारी छापखाना बंद असताना मी गेलो आणि तो प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहिला.

रीत सोपी होती. क्रमिक पुस्तकाचे एक पान घेतले आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले. काना सर्वांत पुढे निघाला. ङ एकदाही आला नाही. मग त्याच पानातली एक ओळ घेऊन दर खिळ्यासाठी पट्टीपासून खणापर्यंत दोरा धरला, आणि तो दोरा न तोडता पुढे वाढवत गेलो. जुन्या मांडणीच्या खुणा लाकडावर अजून दिसत होत्या. त्यांवरून दुसरा दोरा घेतला. दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी अंथरले. जुन्या मांडणीचा दोरा उंबऱ्याच्या आत संपला. माझा बाहेर पडून पायऱ्या उतरला.

पण खरे उत्तर दोऱ्यात नव्हते. अंतर फार, एवढेच दोरा सांगतो. उंची सांगत नाही. म्हणून मी स्वतः तातोबाच्या जागी उभा राहिलो आणि उजवा हात कान्याच्या खणाशी नेऊन तसाच धरला. खाली कसलाही आधार नाही. थोड्याच वेळात दंड जड झाला, मग थरथरू लागला. मग तोच हात पोटासमोर, जुन्या जागी धरला. तिथे तो कितीतरी वेळ राहिला, आणि काही वाटले नाही. खांद्याच्या वर उचललेल्या हाताला काम करण्याआधी स्वतःचेच वजन पेलावे लागते. ते ओझे दिवसातून शेकडो वेळा उचलायचे असेल, तर खांदा कितीही कसलेला असो, एक दिवस तो जाणारच. जुन्या जुळाऱ्यांनी हे कागद न करता ओळखले होते. मी वर्णमालेचा मान राखला आणि हाताचा राखला नाही.

हे सगळे मी कागदावर क्रमवार लिहिले. शेवटी उत्तर लिहिले — दोष मांडणीचा.

सोमवारी अण्णासाहेबांनी मला बोलावले. तातोबाही तिथेच उभा होता. त्याचे काम अर्ध्यावर आले होते. खांदा केशीमुळे गेला असे त्याने मालकांना सांगितले होते. मालकांनी मला सरळ विचारले, मास्तर, तुमचे मत काय? तुम्ही सांगाल तसे करू. टेबलावर तक्त्याचे मुद्रित होते. शाई ओली होती. खाली माझे नाव.

कागद माझ्या खिशात होता. हात घालून काढायचा, एवढेच करायचे होते.

मी म्हणालो, "हा तालमीतला जुना मार आहे."

तातोबा माझ्याकडे वळला. "आवं मास्तर, तालमीत डावा निखळला व्हता. ह्यो उजवा हाय."

तुम्हांला वाटेल, इथे तरी मी थांबलो असेन. थांबलो नाही. कुस्तीत एक खांदा अधू झाला की दुसऱ्यावर भार येतो आणि वयपरत्वे तोही जातो, असे मी अण्णासाहेबांना सावकाश समजावून सांगितले. वर्गात सांगावे तसे, मुद्देसूद. ते त्यांना पटले. न पटायला काय झाले? एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कधी शाळा न पाहिलेला माणूस. तातोबाने आणखी वाद घातला नाही. दुसऱ्या कामाला हात चालत नव्हता, त्यामुळे त्या महिनाअखेरीस त्याला निरोप मिळाला. जाताना त्याने आपली पट्टी पुसून केशीवर ठेवली. मी मुद्रिते तपासत होतो. मान वर केली नाही. तक्ता सांगलीला गेला.

इथवर खोटेपणा झाला. पुढचे सांगणे मला त्याहून जड जाते.

साताठ महिन्यांत दुसऱ्या जुळाऱ्याचा खांदा धरू लागला. तो कधी तालमीत गेला नव्हता. तेव्हा मी एका रविवारी काना, मात्रा, वेलांट्या, य, र, ल, त सगळे पुन्हा छातीच्या खाली आणले आणि ङ, ञ वर पाठवले. म्हणजे तातोबाने केले होते तेच, जरा अधिक नीट. अण्णासाहेबांना मी सांगितले, ही माझी दुसरी सुधारणा. त्यांनी माझी पाठ थोपटली. तातोबाला परत बोलवावे असे त्या वेळी मी म्हणू शकलो असतो. म्हणालो असतो तर का, असे त्यांनी विचारले असते. मी म्हणालो नाही.

पुढे कामानिमित्त सांगलीला जाणे झाले, तेव्हा माधवनगरच्या एका गिरणीच्या फाटकाशी तातोबा दिसला. स्टुलावर बसला होता, राखणीला होता. त्याने ओळखले, उठला आणि डावा हात कपाळाशी नेला. उजवा मांडीलगत तसाच होता. बरे आहे का, असे मी विचारले. बरे आहे म्हणाला. मग म्हणाला, "काना खाली आला म्हनं, मास्तर."

मी हो म्हणालो.

"ब्येस झालं. मागं ऱ्हायल्यांचं खांदं तरी वाचलं." आणि माझ्याकडे न पाहता, "आता खिळं न्हाईत हाताशी, तर वाचनं बी गेलं. छापल्यालं सुलटं असतंय, त्ये काय मला झेपत न्हाई."

बोलायचे ते सारे माझ्या तोंडाशी आले होते. माझी मोटार यायला अवकाशही होता, पण तो मी हवापाण्याच्या गप्पांत घालवला. मोटार आली. मी चढलो.

तातोबाचा खांदा केशीने नेला नाही. केस लाकडाची होती. ती मी भरली होती. खांदा कशाने जातो हे मला कळले, तेव्हा तो वाचवायला वेळ होता. मी माझे नाव वाचवले.

सांगलीला गेलेला तक्ता मी अजून परत मागवलेला नाही. त्याच्या प्रती आणखी कुठे गेल्या, मला माहीत नाही. उद्या त्या छापखान्याला पत्र टाकणार आहे. पण पत्रावर विसंबू नका, माझ्या शब्दावरही नको — एकदा त्यावर विसंबून काय झाले, ते सांगितलेच आहे. तुमच्या छापखान्यात, मागावर, दुकानात, स्वयंपाकघरात जी वस्तू सर्वांत जास्त वेळा उचलावी लागते ती खांद्याच्या वर आहे की खाली, हे स्वतः उभे राहून, स्वतःच्या हाताने तपासून पाहा.