घराण्यात कुणाला होतं?

विजयमाला साळवे स्वारगेट डेपोत एसटीच्या कंडक्टर आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. सोलापूरच्या गाडीत शेजारच्या सीटवर बॅग टाकून ऐसपैस बसलेल्या साहेबाला त्या एवढंच विचारतात, "बॅगेचं तिकीट फाडू का?" साहेब निमूट बॅग मांडीवर घेतो. अशा बाईला डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि बाई चक्क खोटं बोलल्या.

"घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का?" डॉक्टर नीरजांनी विचारलं.

"छे! कुणालाच नाही," विजयमाला म्हणाल्या.

विषय त्यांच्या मुलीचा होता. निकिता, वय सव्वीस, हिंजवडीला कंपनीत. वर्षापूर्वी ती तीन आठवडे जवळजवळ झोपलीच नाही. अखंड बोलत होती, साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून आली होती, मी जग बदलणार म्हणत होती. मग एकदम खचली. चार महिने अंथरूण सुटलं नाही. आजाराला नाव मिळालं, बायपोलर. दोन औषधं करून झाली; एकानं अंग सुजलं, दुसऱ्यानं काडीचा गुण आला नाही. शेवटी निकितानं गोळ्याही बंद केल्या आणि डॉक्टरकडे येणंही.

"मम्मी, आख्ख्या खानदानात मी एकटीच डिफेक्टिव्ह पीस आहे," ती म्हणाली. "हे घेऊन नीट जगलेलं एक माणूस दाखव मला. मग घेते तुझ्या गोळ्या."

म्हणून त्या दिवशी विजयमाला दवाखान्यात एकट्याच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "रक्तात असलं म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही. पण नात्यातला कुणी एखाद्या गोळीनं सावरला असेल, तर ती हिलाही लागू पडण्याची शक्यता जास्त. म्हणून विचारते."

बाहेर पडल्यावर विजयमालांना स्वतःची लाज वाटली. माहेरी काहीतरी झाकलेलं आहे, हे त्यांना लहानपणापासून जाणवत होतं. पण "कुणालाच नाही" हे उत्तर तोंडातून आपसूक आलं, कारण त्यांच्या घरात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्या दापोडीला राधाआत्याकडे गेल्या. राधाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशी उलटली, पण जीभ शाबूत.

"आत्या, आपल्याकडं डोक्याचं कुणाकुणाला होतं?"

"अगं, शुभ बोल की जरा!"

"शुभ बोलायला मी काय सुपारी फोडायला आलेय? माझी पोर हातची चाललीय, आत्या."

आत्यानं लसूण सोलायला घेतला. मग म्हणाली, "आईला होतं. तुझी आजी मुक्ताई. महिना महिना अंगात यायचं तिच्या. नाचायची, गाणी रचायची, डोळ्याला डोळा नसायचा. वस्तीतली माणसं पाया पडायची. मग दोन-दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडायची. तेव्हा म्हणायचे, देवी रुसली. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आमच्या बाबांनी देव नदीत सोडले. चांगलंच झालं ते. पण आईचं काही थांबेना. आधी देवी म्हणता येत होतं. आता काय म्हणायचं ते कुणाला सुचेना. मग बोलायचंच नाही, असं ठरलं."

"आणि माझे दादा?" विजयमालांनी वडिलांचं विचारलं.

आत्याचे हात थांबले. "कचरू थेंबालासुद्धा शिवला नाही गं कधी. पितो म्हटलं की लोक पुढं विचारत नव्हते. वेडा म्हटलं असतं तर तुझं लग्न कुणी केलं असतं?"

विजयमाला ढसाढसा रडल्या. बापाला त्या जन्मभर दारुडा म्हणत आल्या होत्या. शेवटची दोन वर्षं त्या माणसाशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "यातून सावरलं कुणी?"

"रंगनाथला विचार. नोकरीला लागला तेव्हा त्यालाही झालं होतं. मुंबईला जाऊन आला तो सरळच. काय केलं, देव जाणे."

रंगनाथकाका! कचरूदादांचे धाकटे भाऊ, निवृत्त इंजिनिअर, घराण्याचा मानबिंदू. पोरगं नापास झालं की त्याला काकांचं उदाहरण. विश्रांतवाडीला त्यांच्या घरी चहा झाला, आणि गॅलरीत विजयमालांनी विषय काढला. काकांचा चेहरा दगडासारखा झाला.

"विजया, हे पुन्हा काढायचं नाही. भाग्यश्रीचं लग्न जमतंय." भाग्यश्री त्यांची नात.

विजयमालांनी मनावर घेतलं असतं तर आवाज चौकापर्यंत गेला असता. पण त्या हळू म्हणाल्या, "काका, हे घेऊन जगलेलं एक माणूस माझ्या पोरीला बघायचंय. मी तुमचं नाव घेणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. पण माझ्याकडं दाखवायला दुसरं कुणी नाही." आणि उठून आल्या.

खरंच नाव घेतलं नाही हो बाईनं! पोर डोळ्यांदेखत सुकत असताना दुसऱ्याची झाकली मूठ झाकलेली ठेवायची, हे काळीज कुठून आणतात माणसं? मी तरी ओरडून सांगितलं असतं. निकिताला त्यांनी फक्त मुक्ताईचं आणि कचरूदादांचं सांगितलं. निकिता म्हणाली, "म्हणजे दोघंही असेच गेले ना?" आणि कूस बदलली.

तिसऱ्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात रंगनाथकाका, तीन जिने चढून धापा टाकत. "जय भीम" म्हणाले आणि थेट निकिताच्या खाटेशी जाऊन बसले. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"तुला माणूस बघायचं होतं ना? बघ. पंचेचाळीस वर्षं रोज खातोय. धरणं बांधली, पोरं वाढवली, ती ही गोळी खाऊनच. काल भाग्यश्रीच्या होणाऱ्या सासरी सांगून आलो."

निकिता उठून बसली. "काय म्हणाले ते?"

"कळवतो म्हणाले."

"मग आजोबा, इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलं?"

काकांनी निकिताकडे नाही, विजयमालांकडे पाहिलं. "कचरू आजारी होता ना, विजया, तेव्हा ही पट्टी माझ्या खिशात होती. चौदा एप्रिलला त्याच्या शेजारी जेवायला बसलो होतो. लोक त्याला बेवडा म्हणत होते आणि मी भात कालवत होतो. साहेब झालो होतो नुकताच. नाही सांगितलं."

विजयमालांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्याला आल्या जिन्यानं खाली लोटावं, असं खरोखर मनात आलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला धरून उभ्या राहिल्या, आणि परत आल्या.

"काका, दादांचं मी तुम्हाला माफ करणार नाही. ते मला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या साडेदहाला डॉक्टरकडं जायचंय. गोळीचं नाव, डोस, सगळं तुमच्या तोंडानं सांगायचं."

"येतो," काका म्हणाले.

निकिता ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "साडेदहा म्हणजे मला नऊला उठव."