शंकरप्पांचा भाकरीचा डबा

शंकरप्पांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. वळसंगच्या रस्त्यावर त्यांनी वीस वर्षं वडापची जीप चालवली, दहाच्या गाडीत सतरा माणसं कोंबली, तेव्हा म्हणे ते कशालाच भीत नसत. मग वडापचा धंदा बसला आणि त्याच जीपमधून ते आमच्यासारख्या फोटोवेड्यांना माळावर काळवीट, खोकड, लांडगा दाखवायला नेऊ लागले. भीती तिथून सुरू झाली, असं त्यांची बायको नागम्मा सांगते. रात्री दोनदा उठून बसतात, म्हणते.

माझा नवी पेठेत लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. मुहूर्त नसले की मी माळावर. जीप सुरू करण्याआधी शंकरप्पांचा एक नेम असे. सीटखालून भाकरीचा स्टीलचा डबा काढायचा, झाकण उघडून पुढे धरायचा आणि म्हणायचं, "मोबाईल टाका, मालक." मोबाईलमधल्या फोटोला जागेचा पत्ता चिकटतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग कडी लावून ते डबा स्वतःच्या पायाशी ठेवत.

एवढ्यावर भागायचं नाही. परत फिरण्याआधी कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून दाखवावे लागत. लांडग्याच्या डोळ्यावर फोकस बसलाय का, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बोट कायम लांडग्याच्या मागं. "ह्ये काय दिसतंय? पान्याची टाकी न्हवं? पुसा." त्या बोटानं माझे किती चांगले फोटो खाल्ले याची गणती नाही. मी चिडायचो.

"मामा, लांडग्याच्या घरी काय पाहुणे येणार आहेत होय, पत्ता बघून?"

ते हसत नसत. एकदा हुरडा खाताना मात्र आपणहून बोलले. "वयाच्या इसाव्या वर्षी लांडग्याचं एक बीळ म्याच दावलं हुतं गावाला. मिरच्या घालून धूर केला लोकांनी. आतनं आवाज येत हुता. मग यायचा थांबला." हातातला हुरडा हातातच राहिला आणि मी विषय बदलला.

यंदा फेब्रुवारीत त्यांनी मला ओढ्याच्या दरडीतलं बीळ दाखवलं. लांबून, जीपमधूनच आणि दहाच मिनिटं. मादी आणि चार पिल्लं. बिळाशेजारी शेंदूर फासलेला एक दगड होता, कुणा जुन्या म्हसोबाचा. आता आम्हा लग्नवाल्यांची सवय अशी, की मागं देव्हारा नाहीतर केळीचे खांब दिसले नाहीत तर गिऱ्हाईक फोटो हातात धरत नाही. मागं काहीतरी पाहिजे, हे हाडात मुरलेलं. त्या शेंदरी दगडापुढं एक पिल्लू कान टवकारून बसलं आणि मी बटण दाबलं. फोटो तपासायच्या वेळी ती एक फ्रेम मी चटकन पुढं ढकलली. शंकरप्पांना कळलं नाही. मला कळत होतं, तरी ढकलली.

संध्याकाळी फोटो आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. गावाचं नाव घातलं नाही, म्हटलं झालं. वाहवा इतकी झाली की जेवण थंड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शंकरप्पांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "मालक, दगुड दिसतोय की वो तुमच्या फोटूत. मेंढरंवाल्या मल्लेशच्या मोबाईलवर फिरत फिरत आलाय. त्याची दोन कोकरं परवा लांडग्यानं न्हेल्यात. आठ-धा जनं निघाल्यात, कुत्री घिऊन."

मी वनखात्याला फोन लावला. निघतो म्हणाले, पण अंतर तासाभराचं होतं. गाडीला किक मारली आणि निघालो. वळसंगच्या अलीकडं डावीकडच्या माळावर धुराची रेघ दिसली. गाडी थांबवून नीट पाहिलं. कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. त्यानंतर मी डावीकडं बघितलंच नाही.

ओढ्यावर पोचलो तर जीप दरडीला पाठ लावून उभी. बिळाचं तोंड तिच्या मागं झाकलेलं. आत शंकरप्पा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले. भोवती काठ्या घेतलेली माणसं, दोन कुत्री, आणि भुसा-मिरच्यांचं एक पोतं. लांब बांधावर मादी उभी होती.

"आप्पा, गाडी काढा," मल्लेश म्हणाला.

"न्हाय काढत."

"लांडगा तुमचा कोन लागतो वो?"

"कोन न्हाय." शंकरप्पांनी स्टिअरिंग आणखी आवळलं. "मला भ्या वाटतंय, मल्लेश."

"कशाचं?"

"आतनं आवाज यायचा थांबतो न्हवं, त्येचं."

कुणीतरी काचेवर काठी हाणली. काच तडकली, शंकरप्पांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. "ब्याड, मल्लेश, ब्याड," एवढंच ते कानडीत पुटपुटत राहिले, नको रे, नको रे. मी वीस पावलांवर बाभळीमागं उभा होतो. पुढं जाऊन सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे. गळ्यात कॅमेरा होता आणि त्या माणसांनी तो बघितला असता, म्हणून मी गेलो नाही. मला फार भीती वाटत होती.

वनखात्याच्या गाडीचा फुफाटा दिसला तेव्हा माणसं पांगली. "माजी कोकरं कोन आनून देनार?" मल्लेश जाताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. मादीनं पिल्लं हलवली होती.

महिन्याभरानं मी पुन्हा गेलो. नागम्मानं चहा दिला. शंकरप्पांनी जीप काढली, तडकलेल्या काचेतूनच माळ दिसत होता. मी विचारलं, "पिल्लं कुठं नेली असतील, मामा?"

"ठाव न्हाय," ते म्हणाले. माळाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि डबा पुढं केला. मी मोबाईल टाकला. डबा तसाच उघडा. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर होती. मी कॅमेरा काढून डब्यात ठेवून बघितला. एवढ्या मोठ्या लेन्सचा कॅमेरा त्यात कुठला मावणार?

"मावत न्हाय," मी म्हणालो.

"मग तुमी हितंच बसा, मालक."

त्यांनी डब्याची कडी लावली, डबा काखेत धरला आणि वाट ठाऊक असल्यासारखे गवतातून एकटेच चालू लागले. जाताना तीनदा मागं वळून पाहिलं, मी पाठीमागून येत नाही ना म्हणून.