तोवर वाघमारे बघतील

नामदेवराव वाघमारे यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्यांच्या डोक्यावर माझी ट्रंक होती. मामलेदार कचेरीत कारकून म्हणून माझी कोरेगावला बदली झाली होती आणि मी नुकताच गाडीतून उतरलो होतो. स्टेशनाला लागूनच मैदान. तिथल्या पोरांचा फुटबॉल तारेवरून उडून थेट फलाटावर आला. माझ्यापुढं चालणाऱ्या नामदेवरावांनी मान न वळवता अनवाणी पायानं तो अलगद अडवला आणि ज्या पोराकडून आला होता त्याच्याच पायात परत धाडला. ट्रंकेवर माझी वळकटी होती, तीसुद्धा घसरली नाही. आणि मी काय म्हणालो? "जरा जपून हो, आत काचेचं सामान आहे!" एवढीच माझी पारख. पुढं याच माणसानं, म्हणजे मी, उत्तरवेस फुटबॉल मंडळाचा सेक्रेटरी होऊन कोच हुडकायला सांगली आणि मुंबई पालथी घातली.

नामदेवरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या वस्तीतल्या वाचनालयाबद्दल आणि रात्रीच्या वर्गाबद्दल अधिकारी माणसं लिहितीलच. मी आमच्या मंडळाच्या मूर्खपणाबद्दल लिहिणार आहे. तो पुरता सांगितल्याशिवाय नामदेवरावांचा मोठेपणा नीट ध्यानात यायचा नाही.

चीनच्या लढाईच्या आधीची ही हकिकत. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब निकम, मोठे ऊसवाले बागायतदार. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. सांगलीच्या स्पर्धेचा चषक एकदा तरी कोरेगावात यावा, हा त्यांनी घेतलेला ध्यास. संघ हरला की संध्याकाळी बैठक, आणि बैठकीत ठराव एकच: कोच बदला. अकरा पोरं काही बदलता येत नव्हती. कुणी भाचा, कुणी पुतण्या, कुणी शेजाऱ्याचा. समिती तर आम्हीच होतो, आम्ही स्वतःला कसं बदलणार? राहिला कोच. त्याला काढलं की काहीतरी केल्यासारखं वाटायचं आणि रात्री झोप लागायची.

नवा माणूस निवडायची आमची रीत तर ऐकण्यासारखी होती. गेलेल्याच्या नेमका उलटा हुडकायचा! पहिले सांगलीचे एक प्राध्यापक आले. फळ्यावर खडूनं बाण काढून खेळ शिकवायचे. हरलो. "पुस्तकी माणूस नको," म्हणून कुंडलकडचे एक निवृत्त हवालदार आणले. त्यांनी पोरांना पहाटे मैलोगणती पळवलं. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून पोरांच्या पायात आधीच गोळे आलेले, सामन्यात ती उभीच राहिली. "नुसता रांगडेपणा नको," म्हणून मुंबईच्या गिरणीच्या संघात खेळलेले एक गृहस्थ बोलावले. त्यांनी सगळ्यांच्या पायात बूट चढवले आणि पोरं नव्या नवरीसारखी पाय जपत चालू लागली. येताना प्रत्येकाला फेटा बांधला, ताशा वाजवला, आबासाहेबांच्या वाड्यावर पंगत दिली. जाताना माझं पत्र. कचेरीतल्या सवयीनं मी त्याचा नमुनाच करून ठेवला होता. "आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही, असे कळविण्यास खेद होतो." नाव तेवढं भरायचं. खेद मला एकदाही झाला नाही, हे आज कबूल करतो.

एक कोच गेला आणि दुसरा यायचा राहिला, की मधल्या काळात संघाचं काय? त्याचं उत्तर आबासाहेब बैठक मोडता मोडता, जोडे शोधत द्यायचे: "तोवर वाघमारे बघतील."

नामदेवराव महायुद्धात पलटणीच्या संघातून खेळलेले. परत येऊन त्यांनी दंडावर हमालाचा पितळी बिल्ला बांधला. गावातल्या इतर अनेक घरांबरोबर त्यांच्या घरानंही धम्मदीक्षा घेतलेली. दुपारची गाडी गेली की ते मैदानावर येत, चुन्याच्या रेघा मारत, चेंडूची शिवण बघत आणि कोच नसेल तेव्हा पोरांना शिकवत. त्यांची शिकवण स्टेशनावरची होती. आमच्या कप्तानाला, म्हणजे आबासाहेबांच्या पुतण्याला, शंकरला ते सांगत होते ते मी एकदा कानांनी ऐकलं. "शंकर, चेंडूच्या मागं काय पळतूयास? गाडी सुटल्यावर पळणारा उतारू दिसतूयास मला. हमाल कवा पळतो का? डबा कुठं थांबनार त्ये त्येला ठावं असतंय. तितं जाऊन तो आधीच हुबा ऱ्हातो. तसं हुबं ऱ्हा." सराव सुरू करण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, "आज काय काम केलंस?" ज्यानं रात्रभर उसाला पाणी दिलं असेल त्याला सावलीत बसवून नुसतं बघायला लावत.

आणि काढलेले सगळे कोच गावातून जाणार कुठून? स्टेशनावरूनच! तिघांचीही ट्रंक नामदेवरावांनीच गाडीत चढवली, हमालीला हात न लावता. बूटवाले गृहस्थ निघाले त्या दिवशी मी कामानिमित्त फलाटावर होतो आणि नजर चुकवून खांबाआड उभा होतो. नामदेवरावांनी त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि म्हणाले, "सायेब, पोरांना बूट घालायला तुमी शिकिवलं, त्ये काय वाया जानार न्हाई. वाईट वाटून घेऊ नगा." गाडी हलली तशी ते खांबाआड आले. "सेक्रेटरी, गडी वाईट न्हवता. पर सुगीच्या दिसांत हितं सराव व्हत न्हाई, ह्ये तुमी त्येला सांगितलं व्हतं का? बूट झिजून पायाला बसंस्तवर तरी दम धरायचा!" मला तोंडात मारल्यासारखं झालं. आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं. फेटा बांधला की आमचं काम संपायचं.

सांगलीची स्पर्धा जवळ आलेली आणि कोच नाही. मी नेहमीसारखा स्टेशनावर गेलो. "नामदेवराव, दुसरा माणूस मिळतोय, तोवर तुम्ही बघा."

त्यांनी बाकावरचा पंचा उचलून खांद्यावर टाकला. "तोवर म्हंजे कवापातूर, सेक्रेटरी?"

"म्हणजे... मिळेपर्यंत."

"आता न्हाई जमायचं."

माझ्या पाचावर धारण बसली. "अहो, असं का? कुणी काही बोललं का?"

"कोन बोलनार? बोलायला मी मंडळात हाय कुटं? त्या तिघांस्नी काढल्याचं तरी पत्र गेलं. मला कवा काढल्याचं बी पत्र न्हाई, कारन कवा ठेवलंच न्हाई. आवं, मला काढायला तरी आधी ठिवा की!" ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "माझ्या नावानं नेमल्याचं पत्र द्या, उद्यापास्नं येतो. न्हाईतर सुखानं दुसरा हुडका."

मी परत आलो तो रागानं धुमसत. राग त्यांच्यावर आहे असं मला वाटत होतं. घरी येऊन वार्षिक अहवाल लिहायला बसलो. मागच्या सामन्यांचे निकाल एकाखाली एक मांडले, शेजारी त्या वेळच्या कोचचं नाव लिहीत गेलो. जिथं जिथं आम्ही जिंकलो होतो तिथं तिथं नावाची जागा कोरी राहिली. आधी वाटलं, उतरवण्यात चूक झाली. पुन्हा ताडून पाहिलं. चूक कसली! कोच होते तेव्हा आम्ही हरलो होतो, आणि जिंकलो ते सगळे दिवस 'तोवर'चे होते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी नामदेवरावांचा निरोप सांगितला. एकदम गलका उठला. एक सभासद म्हणाले, "एवढा ताठा?" मग आवाज खाली आणून मनातलं बोलले, "पत्र द्या हवं तर. पंगतीचं मात्र राहू द्या." झालं. चार वर्षं ज्याच्या भोवती आम्ही सगळे फिरत होतो ते शेवटी कुणीतरी उच्चारलं. नव्या कोचाला आबासाहेबांच्या पंगतीत बसवायची रीत, आणि म्हणून वाघमाऱ्यांचं नाव कधी निघायचंच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मी गप्प बसलो होतो, आणि त्याची लाज मला आजही वाटते. त्या दिवशीसुद्धा भांडण्याची हिंमत झाली नाही. अहवाल वाचणं तेवढं माझं काम होतं. मी तो वाचला, सावकाश, प्रत्येक निकाल आणि प्रत्येक कोरी जागा.

दारात शंकर उभा होता. "काका, आमी सांगलीला जातो त्ये वाघमारे वस्तादांबरूबर जातो. न्हाईतर जात न्हाई. अकराच्या अकरा."

आबासाहेब उठले. या खेपेला जोडे शोधले नाहीत, सापडले ते घातले आणि स्टेशनामागच्या वस्तीकडे चालू लागले. मागं मी, हातात कागद आणि दौत. नामदेवरावांच्या पत्नी सोनाबाईंनी घोंगडं अंथरलं, चहा ठेवला. आबासाहेब बसले, कपातला चहा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "नामदेवराव, संघ तुमी घ्या. उद्या दुपारी वाड्यावर जेवायला या. माझ्या शेजारी पाट हाय."

त्यांच्या तोंडून 'नामदेवराव' मी पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी ते 'नामा' म्हणत.

"येतो," नामदेवराव म्हणाले, "पर आदी पत्र."

मी तिथंच मांडीवर पत्र लिहिलं. नामदेवरावांनी ते उजेडात धरून शब्दन् शब्द वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "ह्यो शब्द खोडा." बघतो तर कचेरीच्या सवयीनं मी लिहून गेलो होतो: 'तात्पुरती नेमणूक'! आबासाहेब माझ्यावर असे कडाडले की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. "आरं, तुझी अक्कल तात्पुरती हाय का रं?" मी खोडाखोड न करता नवा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी पंगत झाली. एक पाट रिकामा राहिला. त्या सभासदांचं नाव मी लिहीत नाही. आजच्या या सत्काराची वर्गणी गोळा करत तेच दारोदार फिरले, एवढं पुरे.

सांगलीचा अंतिम सामना अजून डोळ्यांपुढं आहे. बरोबरी चाललेली, वेळ संपत आलेली. चेंडू डाव्या अंगाला अडकलेला, सगळे खेळाडू तिकडं झुंबडलेले, आणि आमचा शंकर उजवीकडं एकटा, हात कमरेवर ठेवून उभा! आबासाहेब ओरडून ओरडून लाल झाले. "आरं पळ की रं! झोपलाईस व्हय?" शंकर जागचा हलला नाही. मी नामदेवरावांकडं पाहिलं. ते शांत होते. एवढ्यात झुंबडीतून चेंडू सुटला आणि सरळ शंकरच्या पायापाशी आला. त्यानं तो मारला. बस्स! जाळं हललेलं मी पाहिलं नाही, कारण आबासाहेबांनी मला उचललं होतं. लय जिंकलो हो, लय जिंकलो! मी सरकारी नोकर, पण त्या दिवशी मैदानात लोळण घेतली.

परतीच्या गाडीनं कोरेगावला उतरलो तर फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, ताशे, चषक एका हातातून दुसऱ्या हातात. नामदेवराव माझ्याआधी उतरले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी आबासाहेबांची वळकटी उचलून डोक्यावर घेतली. आबासाहेब गर्दी कापत धावले. "आवं वस्ताद, खाली ठिवा ती!" त्यांनी ती वळकटी ओढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि सगळ्या गावादेखत मिरवणुकीत नामदेवरावांच्या मागून चालले. त्या दिवसापासून कोरेगावात त्यांना दुसरी हाक नाही. ते वस्ताद.

त्यानंतर आम्ही हरलो नाही असं नाही. गेल्या वर्षी तर सपाटून मार खाल्ला. पण कोच बदला असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले ते वस्तादच. एके दिवशी सकाळी माझ्या घरी आले. "सेक्रेटरी, साठ झाली. आता शंकरला नेमा. आन् माझ्या उलटा हाय का, सारका हाय का, ह्ये बघू नगा. त्येला गाव ठावं हाय, पोरं ठावी हायती. मी हाय तवर त्येच्या हातात पत्र द्या. 'तोवर शंकर बघंल' असं म्हनू नगा."

"देतो," मी म्हणालो.

"आन् माझं बी द्या."

"तुमचं कसलं?"

"काढल्याचं! ठेवल्याचं जपून ठिवलंय. दुसरं ऱ्हायलंय."

गेले कित्येक दिवस तो कोरा कागद घेऊन मी बसत होतो. नमुना पाठ आहे, हात चालत नव्हता. तेव्हा वस्ताद, आपल्या हक्काचं ते पत्र मी या सगळ्या मंडळींसमोर इथंच लिहितो. आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही, असे कळविण्यास खेद होतो. या वेळी तो खरोखर झाला आहे. अक्षर हललं असेल तर सांभाळून घ्या.

वस्तादांना आणि सोनाबाईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे मजबूत राहोत, नजर अशीच तेज राहो. त्यांनी शंभरी गाठावी आणि दर सामन्याला मैदानावर यावं. मंडळाच्या परवाच्या बैठकीत एक ठराव झाला, तो मीच मांडला. मैदानाच्या स्टेशनाकडच्या अंगाला, सावलीत, त्यांच्यासाठी एक खुर्ची असेल. ठरावाचा मसुदा मी दोनदा वाचून पाहिला. त्यात 'तात्पुरती' हा शब्द कुठंही नाही.